दिग्व्रत आणि पासपोर्ट

कारंजा लाड या गावाला दूरदेश अगदीच अनोळखी नाहीत. येथील कस्तुरीच्या हवेलीची कथा घरोघर सांगितली जाते. उत्तरेकडून कस्तुरीने लादलेले उंट घेऊन आलेल्या व्यापाऱ्याचा सारा माल येथल्या एका सावकाराने एकरकमी घेतला आणि वाड्याच्या बांधकामात कालवून टाकला, अशी ती दंतकथा. अलीकडच्या काळातील मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ याच गावावरून जाई, आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे तिच्या रुळांची मालकी एका ब्रिटिश कंपनीकडे होती. दूरचा माल गावात आला, दूरच्या माणसांची गाडी गावातून गेली. गावातील माणसाने मात्र फार तर शिखरजी, गिरनार, श्रवणबेळगोळ येथवर जावे आणि परत आपल्या ओसरीवर येऊन बसावे, अशी रीत होती.

त्या रीतीत आयुष्य घालवलेल्या एका दांपत्याची ही हकीकत. गृहस्थ भूगोलाचे शिक्षक. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी सारे गाव त्यांना ‘सर’ म्हणूनच ओळखते. चौतीस वर्षे त्यांनी फळ्यावर हातानेच जगाचा नकाशा काढला; आफ्रिकेचे शिंग, इटलीचा बूट, जपानची बेटे डोळे मिटून काढावीत अशा सफाईने. त्यांचे विद्यार्थी सिडनीपासून टोरांटोपर्यंत पोहोचले. सर स्वतः मात्र भारताबाहेर कधी गेले नाहीत, आणि जाणारही नव्हते. १९९३च्या डिसेंबरात श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा विंध्यगिरी उतरून आल्यावर त्यांनी एका मुनिराजांच्या समोर दिग्व्रत घेतले होते.

व्रतांची चर्चा आपल्या घरांत नेहमी होते, तरी दिग्व्रत आजकाल मागे पडले आहे. श्रावकाने दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा आजन्म ठरवून घ्यायची, समुद्र, नदी, पर्वत अशा सर्वांना ठाऊक असलेल्या खुणांनी ती बांधायची आणि पुढे ओलांडायची नाही, असे त्याचे स्वरूप. सरांनी बांधलेली मर्यादा भूगोलाच्या शिक्षकाला साजेशी होती: उत्तरेस हिमालय, उरलेल्या तिन्ही बाजूंना समुद्र. व्रत घेताना त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास होते. शेजारी काकू उभ्या होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही, त्यांनीही काही म्हटले नाही. घरी येईपर्यंत ते व्रत जणू दोघांचे झाले होते.

तीस वर्षे त्याची अडचण कधी झाली नाही. अडचण झाली ती नातवामुळे. मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीला गेली, तिला मुलगा झाला, तो चार वर्षांचा झाला. काकूंनी त्याला पाहिले होते ते फोनच्या काचेवर, रोज रात्री, त्याच्या सकाळच्या दुधाच्या वेळी. मध्यंतरी मुलगी एकदा येऊन गेली, पण मुलाला ताप म्हणून त्याला तिकडेच ठेवून. “आई, तू ये आता,” हे वाक्य ती दर रविवारी म्हणे. काकू दर रविवारी “बघू” म्हणत आणि सरांकडे पाहत. सर त्या वेळी वर्तमानपत्र उलटत असत.

दिवाळीला पुण्याहून मुलगा, सून आणि नात आली, तेव्हा विषय उघड्यावर आला. सून म्हणाली, “आई, अमेरिका एकदम नको. सोळा-सतरा तासांचा प्रवास, तोही एकट्याने. आधी जवळच्या एखाद्या देशात चार दिवस जाऊन येऊ. मी येते सोबत. विमानतळ, कागदपत्रं, तिकडचं खाणंपिणं, सगळ्याची सवय होईल.” मुलाने लगेच दुबईचे नाव घेतले. शेजारचे बँकॉक म्हणाले. पुतण्याने युरोपच्या सहलीचे रंगीत पत्रक आणून ठेवले. या गलक्यात काकूंच्या तोंडून तीस वर्षे न आलेले वाक्य आले. मुलांसमोरच त्या सरांना म्हणाल्या, “व्रत तुम्ही घेतलंत. मी तर नुसती शेजारी उभी होते.”

सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून त्यांनी दोनशे पानांची वही आणली आणि पहिल्या पानावर शाईने लिहिले: ‘प्रथम परदेशगमन — स्थाननिश्चिती’.

पुढचे दोन महिने त्या वहीत जे लिहिले गेले ते आपल्यापैकी अनेक घरांना उपयोगी पडावे. जाहिरातीतील सहलींचा विचार उंच इमारतींपासून किंवा बर्फापासून सुरू होतो. सरांनी तो सूर्यास्तापासून सुरू केला. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या माणसासाठी देश निवडताना पहिला प्रश्न तेथे दिवस केव्हा मावळतो हाच. सहलीच्या गटांचे रात्रीचे जेवण बहुधा साडेसात-आठला लागते. डिसेंबरात काठमांडूला सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो, दुबईला साडेपाचच्या सुमारास. म्हणजे थंडीच्या, हवा सर्वांत चांगली असण्याच्या दिवसांत तेथे दुपारचे फिरणे अर्धे टाकून जेवणाची सोय पाहावी लागणार. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री नवानंतर मावळतो, डिसेंबरात दुपारी चारच्या आत. युरोपची उन्हाळी सहल या एका बाबतीत सोयीची, हे सरांनी मान्य केले. परंतु दूरचा प्रवास, व्हिसासाठी बँकेची खाती, बोटांचे ठसे, रोज नवे गाव आणि रोज पहाटे बॅग भरणे या कारणांनी ते पत्रक पुतण्याला परत गेले. पहिल्या प्रवासात एकच गाव, एकच खोली असावी, हा त्यांचा नियम. तो कोणत्याही वयाच्या माणसाला लागू पडावा.

नेपाळ आणि भूतान यांची पाने वहीत आधी आहेत, कारण तेथे भारतीयांना पासपोर्टही अनिवार्य नाही. मतदार ओळखपत्र चालते. नेपाळला व्हिसा लागत नाही. भूतानला परवाना काढावा लागतो आणि भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शुल्क भरावे लागते. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा अवघे पंधरा मिनिटे पुढे आहे. ज्यांना परदेश हा शब्दच धडकी भरवतो त्यांनी येथूनच सुरुवात करावी, असे सरांनी अधोरेखित केले. मात्र काकूंना उद्या न्यू जर्सीला जायचे होते. पासपोर्टवर शिक्का, व्हिसा, अनोळखी लिपी यांची तालीम नेपाळात होणार नव्हती.

श्रीलंकेचे पान लहान आहे. मुंबईहून अडीच-तीन तासांत कोलंबो. २००६पासून तेथील घड्याळही भारताबरोबरच चालते. पण वरून शाकाहारी दिसणाऱ्या तिथल्या भाजीत किंवा खोबऱ्याच्या चटणीत वाळवलेल्या माशाची पूड असू शकते, ही माहिती मिळाल्यावर काकूंनी ते पान स्वतःच्या हाताने उलटले. थायलंडबाबत उलट घडले. माशाचा अर्क तेथे जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतो म्हणून सरांनी तो देश रद्द करायला घेतला होता. पण तेथे ‘जे’ नावाची एक आहारपद्धती आहे. चिनी बौद्ध परंपरेतून आलेली, मांस-मासे-अंडी-दूध वर्ज्य करणारी आणि त्यासोबत कांदा-लसूणही टाळणारी. अशा खाणावळींवर पिवळ्या कापडावर लाल अक्षर असलेला झेंडा असतो. कंदमुळांचा निषेध त्यात नाही, बटाटा-गाजर येऊ शकते. तरी परक्या देशात, आपल्याशी काही संबंध नसताना, कांदा-लसूण टाळणारी माणसे आहेत या गोष्टीचे काकूंना फार नवल वाटले. “मग आपणच एकटे नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

मॉरिशसवर सरांचा जीव जडला होता. १८३४पासून मजूर म्हणून तिकडे नेलेल्या हिंदी लोकांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज अजून गणेशोत्सव करतात, आणि त्या दिवशी देशाला सार्वजनिक सुटी असते. मजुरांची जहाजे लागत तो ‘आप्रवासी घाट’ २००६मध्ये जागतिक वारसा झाला. सरांनी त्यावर सहा पाने भरली. सुनेने नम्रपणे विचारले, “बाबा, तिथे बघायचं काय, समुद्र ना? आणि प्रत्येक ठिकाणी गाडी करावी लागेल. आईंना एकटीनं चालून बघता येईल असं गाव हवं.” सरांनी ती सहा पाने तशीच ठेवली. प्रवासाला निघण्याआधीच माणूस निम्मा देश पाहून घेतो तो असा.

दुबईचा निर्णय सर्वांत कठीण होता, कारण खरे पाहता पहिल्यांदा निघणाऱ्यासाठी ती सर्वांत सोपी. मुंबईहून तीन तास, घड्याळ दीड तास मागे, हिंदी सर्वत्र समजणारी, शुद्ध शाकाहारी भोजनालये गल्लोगल्ली. वहीत तिला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण आहेत. दुबई गळाली ती दुबईच्या दोषामुळे नव्हे. काकू म्हणाल्या, तिथे हिंदीवर निभावेल, मग मी शिकणार काय? आणि वाळवंटातली जी सफर सगळे वाखाणतात, तिचे जेवण अंधार पडल्यावरच असते.

उरले सिंगापूर. येथे सरांना शिक्षकाचा जुना आनंद मिळाला. ते शहर पूर्व रेखांश १०४च्या जवळ आहे. सूर्याच्या हिशोबाने त्याचे घड्याळ ग्रीनिचपेक्षा सुमारे सात तास पुढे असायला हवे. प्रत्यक्षात १९८२पासून ते आठ तास पुढे आहे. परिणामी तेथे सूर्य उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. विषुववृत्त जवळ असल्याने ऋतूंप्रमाणे फारसा फरकही नाही. वर्षभर सूर्यास्त पावणेसात ते सात वीस या वेळेतच. आपल्या कारंजातही असेच आहे, फक्त कमी प्रमाणात. रेखांश साडेसत्त्याहत्तर, म्हणजे प्रमाणवेळेच्या रेषेपासून पाच अंश पश्चिमेला, आपला सूर्य घड्याळाच्या वीस मिनिटे मागे. सरांनी हे सगळे सुनेला नकाशा काढून समजावले. सुनेने तात्पर्य घेतले: फेब्रुवारीत संध्याकाळी साडेसहाला निवांत जेवता येईल.

बाकीच्या गोष्टीही जुळत होत्या. मुंबईहून साडेपाच तासांचे थेट विमान. नळाचे पाणी पिण्यायोग्य. काकू ते गाळून, उकळूनच घेणार, पण खोलीत किटली मिळते. सिरंगून रोडवर कोमलविलास हे शाकाहारी भोजनालय १९४७पासून आहे, आणि त्या सबंध वस्तीत आपल्या पद्धतीचे सांगून करून देणारे आचारी सापडतात. जलान यासिन येथे तेथील जैन समाजाच्या संस्थेचे केंद्र आहे, म्हणजे एक दिवस दर्शनाची सोय. नोव्हेंबर ते जानेवारी पावसाचे, म्हणून फेब्रुवारी. चातुर्मासात प्रवास नको हे तर ठरलेलेच.

येथवर सर्व सुरळीत होते. मग मुलाने एक बारीक गोष्ट काढली. तो अभियंता आहे आणि शब्दांत चुका शोधण्याची त्याला सवय आहे. म्हणाला, “बाबा, तुमची मर्यादा उत्तरेला हिमालय अशी आहे. काठमांडू हिमालयाच्या अलीकडे येतं. तुम्ही आईसोबत नेपाळला येऊ शकता. व्रत मोडत नाही.”

सर दोन दिवस कोणाशी फारसे बोलले नाहीत. नकाशा त्यांना मुलाने शिकवण्याची गरज नव्हती. महाभारत पर्वतरांग काठमांडूच्या दक्षिणेला आणि हिमशिखरे उत्तरेला, हे त्यांनी चौतीस वेळा शिकवले होते. मोह होताच. दिग्व्रताच्या अतिचारांत एक ‘क्षेत्रवृद्धी’ आहे, एका दिशेची मर्यादा घटवून दुसरीकडची वाढवणे. आणि एक ‘स्मृत्यंतराधान’, घेतलेली मर्यादा विसरणे. हा प्रकार त्या दोन्हींत बसत नव्हता. शब्दशः ते मोकळे होते. पण त्या दिवशी हिमालय म्हणताना आपल्या मनात भारताची सीमा होती की डोंगर, हे एकट्या त्यांनाच ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी ते मुलाला म्हणाले, “शब्द बरोबर आहेत तुझे. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शाळेतला राजकीय नकाशा होता, प्राकृतिक नव्हता.”

तरीही घरात आशा होती की काकूंच्या एका शब्दावर ते वितळतील. काकूंनी तो शब्द उच्चारला नाही. स्वयंपाकघरात सुनेशी बोलताना त्यांनी कारण सांगितले, आणि ते ऐकून सून थबकली. “ते असले की मी पाटी वाचत नाही गं. स्टेशन आलं की ते उठतात, मी उठते. चाळीस वर्षं अशीच फिरले. अमेरिकेला ते असणार नाहीत. मग ही तालीम त्यांच्याशिवायच व्हायला हवी.”

या ठिकाणी समुद्रप्रवासाचा जुना इतिहास आठवणे अप्रस्तुत होणार नाही. १८८८मध्ये विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधींच्या आईची समजूत पटेना, तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी मुलाला मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ दिली, मग आईने परवानगी दिली. बोटीवर संकोचामुळे गांधी खोलीतच बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे खात राहिले. १८९३मध्ये वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्म मांडायला गेले, आणि परतल्यावर समुद्र ओलांडला म्हणून आपल्याच काही मंडळींचा रोष त्यांना सोसावा लागला. आज असा रोष कोणी धरत नाही. १९७५मध्ये तर सुशीलकुमारजी मुनीच विमानाने अमेरिकेला गेले, त्यावर वाद झाले, आणि न्यू जर्सीत १९८३मध्ये सिद्धाचलम उभे राहिले. परंतु या साऱ्या कथांत घरून निघणारा पुरुष आहे आणि दारात उभी राहून परवानगी देणारी किंवा न देणारी आई आहे. कारंजाच्या या घरात दारात उभे राहण्याची पाळी सरांवर आली होती.

आता व्यवहार. पासपोर्टसाठी वाशीम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या कक्षेत येतो. छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये, साठीपुढच्यांना त्यात दहा टक्के सूट. पैसा हा प्रश्नच नव्हता. प्रश्न नावाचा होता. शाळेच्या दाखल्यावर काकूंचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. जन्मतारीख दाखल्यावर १ जून, जी त्या काळच्या निम्म्या मुलांना गुरुजींनी शाळेत दाखल करताना दिली होती. नगरपरिषदेत विवाहाची नोंद करून दाखला काढावा लागला, आधार दुरुस्त करावे लागले, त्यात सात आठवडे गेले. ज्या घरांत असा प्रवास पुढेमागे होणार असेल त्यांनी देश ठरवण्यापूर्वी घरातील स्त्रियांच्या कागदांवरील नावे एकदा ताडून पाहावीत. पुरुषांची नावे सहसा एकच असतात. बायकांची तीन निघतात.

सामानाचा भाग काकूंनी कोणाला करू दिला नाही. मेथीचे ठेपले, भाजणी, दाण्याची चटणी, डाळीच्या वड्या. आणि येथेच सरांच्या वहीने मोठे संकट टाळले. सिंगापुरात खसखस आणणे हा गुन्हा आहे; तिच्यात अफूचा अंश असतो म्हणून ती निषिद्ध मालात मोडते. आखाती अमिरातीतही तसेच. आणि आपल्या वऱ्हाडी घरात खसखस कशात नसते? काकूंच्या काळ्या मसाल्यात होती, अनारशांवर होती. डबे उघडून दोन्ही परत फडताळात गेले. सुके खोबरेही विमानाच्या सामानात चालत नाही, त्याच्या तेलामुळे ते ज्वलनशील समजतात. चटणीतले किसून भाजलेले खोबरे काढून तीळ घातले गेले. लोणचे हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरच्या वर नेता येत नाही, म्हणून ते मोठ्या बॅगेत. विमानातल्या जेवणासाठी तिकिटाबरोबरच ‘व्हीजेएमएल’ या संकेताने जैन भोजन मागवून ठेवायचे असते, आयत्या वेळी मिळत नाही; नुसते ‘हिंदू शाकाहारी’ मागवले तर बटाटा-कांदा येतो. सुनेने ते मागवले. विमान मध्यरात्रीचे निघाले, त्यामुळे काकूंनी ते घेतलेच नाही, पण मागवायचे कसे ते कळले.

निघताना सरांनी वही काकूंच्या हातात दिली नाही. त्यांनी चार पानांची एक छोटी घडी करून दिली. तीत रेल्वेस्थानकांची नावे नव्हती, संकेत होते. सिंगापूरच्या भुयारी रेल्वेत प्रत्येक स्थानकाला अक्षर आणि आकडा असतो. लिटिल इंडिया म्हणजे ‘एनई ७’. इंग्रजीची दोन अक्षरे आणि आकडे वाचता आले की माणूस हरवत नाही. खाली एकच सूचना लिहिली होती: ‘चुकामूक झाल्यास पुढच्या स्थानकावर उतरून परत यावे. घाबरून वर रस्त्यावर जाऊ नये.’ काकूंनी स्वतःहून आणखी एक मर्यादा घालून घेतली. देशव्रताच्या रीतीने त्यांनी ठरवले की चार दिवस त्या बेटाच्या बाहेर जायचे नाही. पुलापलीकडचे मलेशियाचे जोहोर सून सुचवत होती, ते आपोआप रद्द झाले.

तिकडच्या चार दिवसांबद्दल काकू फार सांगत नाहीत. बागेतील ऑर्किडची फुले आणि रस्त्यांची स्वच्छता यांविषयी इतरांनी जितके सांगितले आहे तितकेच त्यांनी सांगितले. दर्शन झाले. जेवणाची वेळ एकही दिवस चुकली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र जे व्हायचे ते झाले. संध्याकाळच्या गर्दीत सून आणि नात लिटिल इंडियाला उतरल्या, काकू दारापर्यंत पोहोचेतो दार मिटले. काचेपलीकडे नात हात हलवत होती, सुनेचा चेहरा पांढरा पडला होता, आणि गाडी सुटली.

काकूंनी घडी काढली. पुढचे स्थानक ‘एनई ८’. उतरल्या. फलाटावर सगळे आपापल्या फोनमध्ये. विचारावे तर कोणत्या भाषेत? पाट्यांवर इंग्रजी, चिनी, मलय, तमिळ. देवनागरी कोठेच नाही. समोरच्या बाजूला उलट जाणारी गाडी येत होती. तिच्या फलाटावर आकडे उतरत्या क्रमाने लिहिले होते, आठ, सात, सहा. त्या बसल्या, एका स्थानकानंतर उतरल्या. सून त्याच खांबापाशी उभी होती आणि रडत होती. काकूंनी तिला पाणी दिले. मग म्हणाल्या, “सूर्य मावळायला अजून पाऊण तास आहे. चल, जेवून घेऊ.”

सुनेने हे पुण्याला पोहोचल्यावर सांगितले. काकूंनी सांगितलेच नसते. समृद्धी महामार्गाने कारंजाला पोहोचल्या तेव्हा सर ओसरीवर होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सूर्यास्त किती वाजता होत होता?” काकू म्हणाल्या, “सात वीस. तुमचं बरोबर होतं.” सरांनी वहीत खूण केली.

त्याच वहीत आता न्यू जर्सीचे पान सुरू झाले आहे: जूनमध्ये सूर्यास्त साडेआठच्या सुमारास, डिसेंबरात साडेचारला, जावे ते उन्हाळ्यात. नेपाळचे पान सरांनी फाडलेले नाही, त्यावर काही लिहिलेलेही नाही. अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरायला मुलगा पुण्याहून फोनवर बसला होता. गेल्या पाच वर्षांत आपण कोणत्या देशांत जाऊन आलात, असा त्यात एक रकाना असतो. सर उत्तर सांगू लागले. काकूंनी त्यांना हाताने थांबवले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत स्वतःच टंकित केले.